यामाहा ब्लास्टरचं इंजिन पुन्हा बांधताना: कुठे खर्च करायचा, कुठे हात आखडायचा

यामाहा ब्लास्टर ही अमेरिकेत १९८८ ते २००६ या काळात विकली गेलेली टू-स्ट्रोक क्वाड, म्हणजे मोटरसायकलसारख्या हँडलची चारचाकी. १९५ सीसी, बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) ६६ मिमी, स्ट्रोक (पिस्टनची धाव) ५७ मिमी, एअर-कूल्ड, रीड व्हॉल्व्ह (मिश्रण फक्त आतच जाऊ देणाऱ्या पातळ पाकळ्या). आरएक्स १०० खोललेल्या माणसाला यातलं बरंचसं ओळखीचं वाटेल. जंगलवाटेवर चिखलातून, दगडांतून चढताना खालच्या आरपीएमला मिळणारा पिकअपच कामाला येतो. प्रत्येक पार्ट घेताना हाच निकष लावा.

पहिला खर्च क्रँकवर, म्हणजे पिस्टनची वर-खाली हालचाल फिरतीत बदलणाऱ्या दांड्यावर. कनेक्टिंग रॉड बाजूला थोडा सरकला तर चालतं, वर-खाली मात्र जराही हलता कामा नये. क्रँकभोवतीची केस उघडलीच आहे तर मेन बेअरिंग आणि दोन्ही ऑइल सील बदलाच. डावं, मॅग्नेटकडचं सील गेलं की इंजिन तिथून जास्तीची हवा ओढतं, मिश्रण लीन होतं (हवा जास्त, पेट्रोल कमी) आणि पिस्टन तापून चिकटतो. उजवं, क्लचकडचं गेलं तर गिअरबॉक्सचं ऑइल जळतं, धूर थांबत नाही आणि ऑइलची पातळी उतरत राहते.

सिलिंडर बोअर करायला (आतून कापून मोठा करायला) देण्याआधी पिस्टन हातात हवा. मशीनवाल्याने तो मोजूनच बोअर करावा. फोर्ज्ड (दाबून घडवलेला) पिस्टन मजबूत, पण जास्त फुगतो, म्हणून त्याला गाळा, म्हणजे सिलिंडरपासूनची फट, जास्त लागतो. पिस्टनसोबतच्या कागदावरचा आकडाच पाळा. इंजिन गार असताना जोरात पिळलं तर असा पिस्टन नवा असूनही ओरखडतो. ट्रेलसाठी चांगला कास्ट (ओतीव) पिस्टन पुरेसा आहे. बोअरनंतर पोर्टच्या (सिलिंडरच्या भिंतीतल्या खिडक्यांच्या) कडा घासून बोथट करायला सांगा, नाहीतर रिंग अडकून तुटते. रिंग सिलिंडरमध्ये बसवून तिच्या दोन टोकांमधला गॅप मोजा: ६६ मिमी बोअरला किमान ०.२६ मिमी.

आता सुधारणा. सगळ्यात आधी रीड. जुन्या पाकळ्या बंद असताना फटीतून उजेड दिसत असेल तर त्या गेल्या. चांगल्या रीड केजमुळे खालचा प्रतिसाद लगेच सुधारतो. त्यानंतर एक्झॉस्टचा पाइप, तोही लो-मिडरेंजचा, म्हणजे खालच्या-मधल्या आरपीएमला जोर देणारा. रेसिंग पाइप वरच्या टोकाला जोर देतो आणि चढावर दगा देतो. पाइप बदलला किंवा एअरबॉक्सचं झाकण काढलं, की मेन जेट (कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल मोजून सोडणारं भोक) मोठा करावाच लागतो. जुन्याच जेटवर एक लांब फेरीसुद्धा महागात पडते. पोर्टिंग (पोर्ट कोरून मोठे करणं) आणि इंजिन मोठं करणारं २४० सीसी किट टाळा. एअर-कूल्ड सिलिंडर जंगलात कमी वेगाने चालतो, वारा मिळत नाही, आणि वाढलेली उष्णता जायला जागा नसते.

हेड (सिलिंडरचं वरचं झाकण) लेथवर कापून उतरवायचं असेल तर आधी स्क्विश, म्हणजे पिस्टन सगळ्यात वर असताना त्याच्या आणि हेडच्या कडेत राहणारी फट, मोजा. सोल्डरची तार पिस्टन पिनच्या रेषेत दोन्ही टोकांना ठेवून पिस्टन वरच्या टोकाला जाऊन परत खाली येईल असा क्रँक फिरवा. दबलेली तार १.० ते १.३ मिमी भरली की बास. त्याहून कमी केलं तर साध्या पेट्रोलवर इंजिन ठोकायला लागतं.

इंजिनला आपोआप ऑइल पुरवणारा ऑइल पंप काढलात तर इनटेककडची त्याची नळीची जागा नीट बुजवा, तिथूनही हवा शिरते. मग ३२:१ मिश्रण: ५ लिटर पेट्रोलला १५६ मिली टू-स्ट्रोक ऑइल.

सुरू करण्याआधी लीक टेस्ट करा. इनटेक आणि एक्झॉस्ट बंद करून ६ पीएसआय हवा भरा; ती ६ मिनिटं टिकली पाहिजे. उतरली तर साबणाचं पाणी मारून बुडबुडे शोधा. दाब याहून फार वाढवू नका, सील जागेवरून सरकतं.

जेटिंग मुद्दाम मोठ्या जेटपासून सुरू करून एकेक पायरी खाली आणा. इंजिन गरम झाल्यावर नव्या प्लगवर, फुल थ्रॉटलमध्ये थोडं पळवा, लगेच किल स्विच मारून क्लच दाबा आणि प्लग काढून प्लगच्या आतल्या पांढऱ्या पोर्सेलिनच्या बुडाशी पाहा. पांढरं असेल तर जेट वाढवा, कॉफीसारखा तपकिरी रंग असेल तर तिथेच थांबा. हा जेट उन्हाळ्यात ठरवला असेल तर थंडीत पुन्हा तपासा: थंड हवा दाट असते, तोच जेट लहान पडतो.