युगांडाचा व्हिसा: एकाच प्रवेशाची अडचण कशी सुटली

आमचा बेत असा होता: एन्टेबेला उतरायचं, बविंडीच्या जंगलात गोरिला पाहायचे, मग रस्त्याने रवांडात किगालीपर्यंत जायचं आणि परतीचं विमान पुन्हा एन्टेबेहूनच. युगांडाचा साधा पर्यटक व्हिसा ५० डॉलरचा, पण एका प्रवेशाचा. सीमा ओलांडली की संपला. मग परत आत कसं यायचं?

अर्ज ऑनलाइनच भरायचा असतो, तरी त्याआधी युगांडाच्या उच्चायुक्तालयात गेलो ते बरं झालं. खिडकीवरच्या बाईंनी आमचा मार्ग कागदावर पाहिला आणि सरळ पूर्व आफ्रिका पर्यटक व्हिसा घ्यायला सांगितलं. १०० डॉलर, ९० दिवस, आणि युगांडा, रवांडा, केनिया या तीन देशांत हवी तितकी ये-जा. मेख एवढीच की ज्या देशात आधी उतरणार, त्याच्याकडेच अर्ज करायचा. टांझानिया यात नाही. मधेच तिकडे वळलात तर व्हिसा बाद. (सेरेंगेटीचा मोह तिथेच सोडला.)

दुसरी गोष्ट पिवळ्या तापाच्या लशीची. तिचं पिवळं कार्ड अर्जासोबतच जोडावं लागतं, आणि लस टोचल्यावर १० दिवसांनीच ते ग्राह्य धरतात. म्हणून आधी लस, मग अर्ज, मग तिकीट असा क्रम लावला. पूर्वी लस घेतलेल्यांनी घाबरू नये: जुन्या कार्डावर १० वर्षांची मुदत छापलेली असली, तरी २०१६ पासून ते आयुष्यभर चालतं. मंजुरीचं पत्र ईमेलने येतं, ते छापून जवळ ठेवा.