तुसाची राख काँक्रीटमध्ये घालताय? आधी या चुका टाळा

भाताच्या तुसाच्या राखेत 85 ते 95 टक्के सिलिका असते, हे वाचून माणूस हुरळतो आणि भट्टीखालची राख पोत्यात भरून थोड्या सिमेंटच्या जागी घालायला थेट मिक्सरपाशी नेतो. सिलिका किती आहे याहून ती कोणत्या रूपात आहे, हे मोठं. राख स्वतः घट्ट होत नाही. सिमेंट पाण्यात भिजलं की त्यातून चुना सुटतो आणि त्या चुन्याशी सिलिकेचा संयोग होऊन जास्तीचा बंध तयार होतो. त्यासाठी सिलिका अस्फटिक, म्हणजे स्फटिक न बनलेली हवी. तूस साधारण 500 ते 700 अंश सेल्सिअसला जळालं तर ती तशी राहते. आच फार चढली, किंवा राख तशाच आचेवर बराच वेळ पडून राहिली, की स्फटिक बनतात. मग ती राख म्हणजे नुसती बारीक वाळू.

‘काळी राख वाईट, पांढरी चांगली’ हा नियम अर्धाच खरा. काळेपणा म्हणजे न जळालेला कार्बन, हे बरोबर. पण जादा तापलेली, निकामी झालेली राखसुद्धा पांढरीशुभ्र दिसू शकते. कार्बन बघायचा तर सुकी राख वजन करा, लालबुंद होईपर्यंत तापवा, पुन्हा वजन करा. जी घट येईल ती बहुतेक कार्बनचीच. एएसटीएम सी 618 या अमेरिकन मानकात नैसर्गिक पोझोलानसाठी (चुन्याशी संयोग होऊन बंध देणाऱ्या पदार्थांसाठी) या घटीची मर्यादा 10 टक्के आहे. राख जिवंत आहे का, म्हणजे चुन्याशी तिचा संयोग होतो का, हे मात्र चुनाच सांगतो. विझवलेल्या चुन्यात राख कालवून लहान वड्या पाडा आणि ओल्या फडक्यात ठेवा. काही आठवड्यांनीही नखाने भुगा होत असेल तर ती राख सिमेंटच्या जागी घालू नका.

सगळ्यात महाग पडणारी चूक पाण्याची. तुसाच्या राखेचा कण आतून पोकळ, जाळीदार असतो, तो पाणी शोषून बसतो. मिक्सर फिरतोय, माल कोरडा, भुरभुरीत दिसतोय, कामगार बादली घेऊन उभा. मीही सुरुवातीला ‘ओत अजून थोडं’ म्हटलंय. माल झकास पसरला, ताकद तपासायला पाडलेले ठोकळे मात्र कमजोर निघाले, कारण राखेने जे कमवायचं ते जादा पाण्याने घालवलं. राख बॉल मिलमध्ये (गोळे फिरवून दळणाऱ्या यंत्रात) सिमेंटइतकी बारीक दळा, म्हणजे ती जाळी मोडते. तरीही माल ताठ वाटला तर सुपरप्लास्टिसायझर (पाणी न वाढवता माल सैल करणारं रसायन) वापरा, पण पाणी वाढवू नका.

घमेल्याने मोजणं सोडा. राख इतकी हलकी की एक घमेलं सिमेंट काढून एक घमेलं राख घातली तर वजनाने सिमेंट भरपूर गेलं आणि राख चिमूटभर आली. 50 किलोच्या पोत्यामागे 10 टक्के म्हणजे 5 किलो राख, तीही काट्यावर. त्या 5 किलोचा ढीग बघून दचकायला होतं, ते चालायचंच. 10 ते 15 टक्क्यांपुढे जायचं तर आधी ठोकळे फोडून बघा. आणि हातातलं सिमेंट पीपीसी (पोझोलाना मिसळलेलं सिमेंट) असेल तर त्यात बहुतेकदा फ्लाय अ‍ॅश, म्हणजे कोळशाची बारीक राख, आधीच असते. त्यावर पुन्हा राख घातली की चुन्यासाठी दोघींची ओढाताण होते.

राख दळलेली आणि जिवंत असूनही 7 दिवसांचा ठोकळा थोडा मागे राहिला, तर लगेच राखेला नावं ठेवू नका. हा संयोग सावकाश होतो आणि त्याला ओल लागते. क्युरिंग (पाणी मारून ओलं ठेवणं) लवकर थांबवलं तर तो अर्ध्यावरच अडकतो. 28 दिवसांचा आकडा बघा, जमलं तर 56 चाही.

उसाच्या चिपाडाच्या राखेला हेच गणित जसंच्या तसं लावू नका. तिच्यात शेतातली माती-वाळू आणि अर्धवट जळालेले तंतू असतात, तंतू आधी चाळून काढावे लागतात. गव्हाच्या काडाच्या राखेत पोटॅश, म्हणजे अल्कली, जास्त. खडी सिलिकेची, अल्कलीला संवेदनशील असेल तर पुढे काँक्रीट फुगून तडकू शकतं, म्हणून ही राख तपासल्याशिवाय नकोच.

दळताना आणि चाळताना धुळीचा नीट बसणारा मास्क लावा, तोंडाला फडकं बांधून भागत नाही. स्फटिक सिलिकेची धूळ फुप्फुसात कायमची बसते. चाचणीत नापास झालेली राख फेकायचीच असं नाही. भार न घेणाऱ्या ब्लॉकमध्ये थोड्या वाळूच्या जागी ती खपते, फक्त तिथे सिमेंट कमी करू नका.