परसातला आंबा माजलाय? छाटा, पण शेंडा उडवू नका

आंबा गच्चीच्या वर गेलाय, फळं सगळी शेंड्याला आणि खाली नुसता अंधार, असं झालं की आपल्याकडं माणसं एकच करतात, कुणीतरी कोयतेवाला गाठायचा आणि सांगायचं वरनं सपाट करून टाक. हे तेवढं करू नका. जिथं जिथं शेंडा उडवला तिथनं झुबक्यानं सरळसोट फुटवे येतात, दोन वर्षात झाड परत तेवढंच उंच आणि वर आधीपेक्षा दाट. त्यात आंब्याला मोहोर येतो तो जून झालेल्या काडीच्या टोकाला, टोकंच सगळी उडवली तर मोहोर येणार कुठनं? शिवाय हे नवे फुटवे बुडाशी कच्चे असतात, वळवाच्या वाऱ्यात आधी तेच मोडतात.

करायचं काय तर टोकं कापत बसण्यापेक्षा मधल्या दोन-तीन फांद्या बुडापासनं काढायच्या. खोडाजवळ उभं राहून वर बघा, आभाळ अजिबात दिसत नसेल तर मध्यातनं सरळ वर गेलेली एखादी जाड फांदी तुमची पहिली गिऱ्हाईक. ती गेली की उंची पण उतरते आणि उजेड आत येतो. मग वाळकं, एकमेकांवर घासणारं, आत वळलेलं. कलमी झाड असेल तर जोडाच्या खालनं आलेले फुटवे पहिल्यांदा उडवा, ते खालच्या रायवळाचे असतात, हापूस-पायरीचे नव्हेत. आणि बांडगूळ! जुन्या आंब्यावर ते हमखास सापडतंय. नुसतं उपटून उपयोग नाही, त्याची मुळं फांदीत आत गेलेली असतात, म्हणून चिकटलंय त्याच्या फूटभर खालनं फांदीच कापायची. एका वर्षात एकूण पसाऱ्याच्या पाव भागापेक्षा जास्त काढू नका, फारच माजलं असेल तर तीन वर्षात वाटून घ्या.

कधी करायचं हा कोल्हापुरात जरा अवघड प्रश्न आहे. पुस्तकी उत्तर फळं उतरली की लगेच, म्हणजे जून, आणि नेमका तेव्हाच आपला पाऊस सुरू होतो. शिरोळकडं एकवेळ चालून जाईल पण राधानगरी, गगनबावड्याकडं ओली जखम महिनाभर वाळतच नाही, बुरशी लागते. म्हणून माझं मत असं की बारीक काड्या आणि वाळकं शेवटचा आंबा उतरल्याबरोबर उघडीप बघून काढायचं, आणि मनगटाएवढ्या किंवा त्याहून जाड फांद्या दसऱ्यानंतर पाऊस थांबल्यावर. त्या फांद्यांचा त्या वर्षीचा मोहोर जाईल, जाऊ दे.

शहरात असाल तर आधी महापालिकेच्या उद्यान विभागात विचारून घ्या, झाड स्वतःच्या आवारात असलं तरी 1975 च्या वृक्षसंरक्षण कायद्यात झाड तोडायला परवानगी लागते आणि झाडाला इजा करणं पण त्यातच धरतात. फांदी तारेला लागत असेल तर महावितरणला सांगून लाईन बंद केल्याशिवाय वर चढायचं नाही, मग कितीही धाडस असू दे.

हत्यार म्हणजे बारीक काडीला सिकेटर (छाटणीची कात्री), जाडाला करवत. कोयता ऊसाला बरा, फांदीला नको, साल फाटते. जाड फांदी तीन कापात पाडायची. पहिला काप खोडापासनं फूटभर अंतरावर खालच्या बाजूनं, साधारण एक तृतीयांश जाडीपर्यंत. दुसरा त्याच्या जरा पुढं वरनं, की फांदी आपल्या वजनानं तुटून पडते आणि साल खोडापर्यंत सोलत येत नाही. मग राहिलेला खुंट. फांदी खोडाला चिकटते तिथं सालीचं एक फुगीर कडं असतंय बघा, त्याच्या लगेच बाहेर कापायचं. कडं कापलं तर जखम भरत नाही, आणि लांब खुंट ठेवला तर तो कुजत कुजत खोडात शिरतो. हाताला आधी खोबरेल लावा आणि पूर्ण बाह्यांचा शर्ट घाला, आंब्याचा चीक अंगावर उतला की चांगलाच भाजतो.

कापलं की जखमेवर बोर्डो पेस्ट, म्हणजे बुरशी लागू नये म्हणून लावायचा मोरचूद-चुन्याचा लेप. मोरचूद 100 ग्रॅम, कळीचा चुना 100 ग्रॅम, पाणी 1 लिटर. दोन्ही अर्ध्या-अर्ध्या लिटरात वेगळं करायचं, प्लॅस्टिकच्या बादलीत, धातूचं भांडं नको. चुना भिजताना गरम होतो, गार होऊ दे, मग मोरचुदाचं पाणी चुन्यात ओतत काठीनं ढवळा. चकचकीत खिळा बुडवून बघा, तांबूस थर चढला तर चुना कमी पडलाय, अजून घाला. ब्रशनं लावा आणि त्याच दिवशी संपवा. एकदम उन्हात आलेल्या खोडाला, जाड फांद्यांना चुना मारलेला चांगला, नाहीतर साल तडकते.

पुढं कापाजवळ फुटव्यांची गर्दी होईल, ते बोटभर असतानाच बाहेरच्या दिशेचे दोन-तीन ठेवून बाकी हातानं मोडा, हे टाळलं तर सगळी मेहनत वाया. युरिया टाकू नका, झाड अजूनच माजेल, शेणखत पुरे.

परसात पेरू असेल तर त्याचं उलट असतंय, त्याला फळ नव्या फुटीवर येतं, बिनधास्त छाटा. चिकूला मात्र उगाच हात लावू नका, वाळकं आणि जमिनीला टेकलेलं तेवढं काढा.