आधी पाण्याचं तापमान, मग गळ

न्यू जर्सीत नव्याने आलेल्या आणि मासे गरवायची हौस असलेल्या मंडळींना मी पहिली खरेदी सांगते ती पाण्यात बुडवायच्या साध्या थर्मामीटरची. काठी, रीळ, आमिष हे सगळं नंतर. आमच्या एडिसनच्या रूझवेल्ट पार्कातल्या तळ्यासारख्या लहान पाण्यात ट्राउट, बास आणि सनफिश असे तिन्ही मासे मिळतात, पण ते एकाच वेळी सारखे खात नाहीत. ज्याची वेळ असेल त्याच्यासाठी गळ लावायचा. मालवणला भरती-ओहोटी बघितल्याशिवाय कुणी गरी घेऊन बाहेर पडत नाही. इथल्या तळ्याला भरती नाही, म्हणून तापमान बघायचं. थर्मामीटर दोरीला बांधून कंबरभर खोल पाण्यात सोडा आणि दोन-तीन मिनिटांनी वाचा. इथे सगळं फॅरनहाइटमध्ये चालतं, म्हणून आकडेही तसेच देते.

परवान्याचं आधी उरकून घेऊ. १६ ते ६९ वयाच्या प्रत्येकाला राज्याचा मासेमारी परवाना लागतो आणि ट्राउटसाठी त्यावर वेगळा स्टॅम्प घ्यावा लागतो. दोन्ही ऑनलाइन मिळतात. एक गोष्ट आपल्या लोकांच्या हमखास लक्षात येत नाही: सत्तरीनंतरची सूट फक्त राज्याच्या रहिवाशांना आहे. भारतातून सहा महिन्यांसाठी आलेले आई-बाबा पंच्याहत्तरीचे असले तरी त्यांना बिगर-रहिवाशाचा परवाना काढावा लागतो. तो काढा आणि त्यांना नक्की घेऊन या. ओक ट्री रोडच्या देशी दुकानांतून भाजी आणण्यापलीकडे इथे त्यांच्या हाताला फारसं काम नसतं. ज्या हातांनी उभा जन्म गळ टाकला, ते तळ्याकाठी लगेच रमतात.

आता ट्राउट. या तळ्यांतला ट्राउट तिथे जन्मलेला नसतो. वॉरन काउंटीतल्या पेक्वेस्ट इथे सरकारी मत्स्यबीज केंद्र आहे, तिथे रेनबो ट्राउट वाढवतात आणि वसंतात ट्रकने आणून राज्यभरच्या तळ्यांत आणि ओढ्यांत सोडतात. कुठल्या आठवड्यात कुठे सोडणार याचं वेळापत्रक राज्याचा मत्स्य विभाग जाहीर करतो. हंगाम एप्रिलमधल्या एका शनिवारी सकाळी आठला उघडतो. त्या सकाळी काठावर खांद्याला खांदा लागतो. मला विचाराल तर त्या दिवशी जाऊ नका. नंतरच्या मधल्या वारी, कामावरून सुटल्यावर जा. तेव्हा काठ मोकळा असतो आणि मासेही तेवढे बिथरलेले नसतात.

ट्राउटला थंड पाणी लागतं, कारण थंड पाण्यात प्राणवायू जास्त विरघळतो. थर्मामीटर ५० ते ६० दाखवत असेल तर तो जोमाने खातो. ६८च्या वर पाणी गेलं की त्याचा जीव घुसमटतो. उथळ तळ्यातले ट्राउट उन्हाळा बहुतेक काढत नाहीत, म्हणून नियमात बसणारे मासे वसंतात घरी नेण्यात मला काहीच गैर वाटत नाही. हंगाम उघडल्यापासून ३१ मेपर्यंत दिवसाला सहा, एरवी चार, आणि मासा किमान ९ इंचांचा हवा. नियम वर्षागणिक बदलतात, त्यामुळे त्या वर्षीची पुस्तिका जरूर वाचा.

मांडणी अशी करा. साडेपाच-सहा फुटांची हलकी काठी, लहान स्पिनिंग रीळ, चार पाउंडांचा ताण सोसणारी दोरी. ट्राउटची नजर तेज असते, जाड दोरी त्याला दिसते. मुख्य दोरीत आधी भोकाचं लहान वजन ओवायचं, मग स्विव्हल, म्हणजे गरगर फिरणारी छोटी धातूची कडी, बांधायचं. स्विव्हलच्या पुढे दीड फूट बारीक दोरी आणि टोकाला दहा नंबरचा गळ. गळ पूर्ण झाकेल एवढाच पॉवरबेटचा, म्हणजे डबीत मिळणाऱ्या पिठासारख्या तयार आमिषाचा, गोळा लावा. हे पीठ तरंगतं. वजन तळाला बसतं आणि आमिष तळाच्या शेवाळापासून दीड फूट वर राहतं, माशाच्या तोंडाच्या उंचीवर. टाकण्याआधी काठाशीच पाण्यात सोडून गोळा खरंच तरंगतो का ते बघा. बुडाला तर गोळा थोडा मोठा करा किंवा गळ लहान घ्या. वजन दोरीवर मोकळं सरकतं, त्यामुळे ट्राउटने आमिष ओढलं तरी त्याला वजन जाणवत नाही. दोरी किंचित सैल ठेवा. ती सरळ होऊन चालू लागली की रिळाने ताण घ्या आणि काठी उचला. हिसका नको, ट्राउटचं तोंड नाजूक असतं.

सोडल्यानंतरचे काही दिवस ट्राउट घोळक्याने काठाकाठाने फिरतात आणि केंद्रातल्या खाद्याच्या सवयीमुळे पिठाला झटपट लागतात. पुढे ते पांगतात आणि तळ्यातलं खाणं शोधू लागतात. मग पीठ बाजूला ठेवून गांडुळाचा तुकडा लावा, किंवा फिरत्या पात्याचा छोटा स्पिनर सावकाश ओढा. तळ्यात जिथे ओढा येऊन मिळतो ती जागा सोडू नका.

घरी न्यायचा मासा काठावरच बर्फात ठेवा. ट्राउटचे खवले इतके बारीक की काढायची गरज नाही. पोट साफ करताना कण्याला चिकटलेली काळसर रक्ताची रेघ नखाने खरवडून टाका, मातकट वास बराचसा तिथूनच येतो. मांस बांगड्यापेक्षा मऊ असतं, म्हणून मीठ, हळद, तिखट, आलं-लसूण आणि कोकमाचं आगळ लावून पंधरा मिनिटांपेक्षा जास्त ठेवू नका. मग रव्यात घोळवून तव्यावर टाका आणि एकदाच उलटा.

मे संपता संपता पाणी ७०च्या आसपास गेलं की सनफिशचे दिवस येतात. ब्लूगिल आणि पम्पकिनसीड हे तळहाताएवढे चपटे मासे. ब्लूगिलचा नर काठाजवळच्या रेतीत शेपटीने बशीसारखा खळगा करतो आणि अंड्यांवर पहारा देतो. काठावरून वाकून बघितलं तर हे खळगे ओळीने दिसतात. लहान मुलांना शिकवायला यासारखी जागा नाही, कारण मुलांना वाट बघवत नाही आणि सनफिश वाट बघायला लावत नाही. लहान तरंगता बोया, त्याच्याखाली दोन फुटांवर दहा नंबरचा गळ आणि अर्ध्या इंचाचा गांडुळाचा तुकडा. सगळं गांडूळ लावलंत तर शेपूट खाऊन मासा पसार होतो. पाठीच्या पराला काटे असतात, म्हणून डोक्याकडून शेपटीकडे हात फिरवत पर दाबून धरा. खळग्यावरचे मोठे नर सोडून द्या. तेच नेले तर अंडी इतर मासे खातात आणि पुढे तळ्यात बोटाएवढेच ब्लूगिल उरतात.

पाणी ६० ते ६५ला आलं की बासही काठाशी घरटं करतो. म्हणून १५ एप्रिल ते १५ जून या काळात राज्यात बास धरला तरी सोडावाच लागतो. त्यानंतर १२ इंचांच्या वरचे दिवसाला पाच नेता येतात, पण मी बास कधीच नेत नाही. तो इतर मासे खाऊन वाढतो, त्यामुळे त्याच्या अंगात पारा साठतो आणि राज्य तो किती खावा याच्या मर्यादा जाहीर करतं. लहान मुलं आणि गरोदर बायका घरात असतील तर या मर्यादा आधी वाचा. शिवाय लहान तळ्यात सनफिशची संख्या आटोक्यात ठेवणारा बासच.

बाससाठी आठ-दहा पाउंडांची दोरी आणि मऊ प्लास्टिकचा पाच इंची किडा पुरे. गळ किड्याच्या बरोबर मध्यातून घाला, वजन लावू नका. पाणवनस्पतींच्या कडेला, पडलेल्या झाडाशेजारी टाका आणि तो आपोआप बुडू द्या. दोन्ही टोकं हलत तो खाली जातो आणि बास बहुतेक तेव्हाच घेतो. जुलै-ऑगस्टात उजाडताना किंवा दिवेलागणीला जा, भर दुपारी बास सावलीतून हलत नाही.

मासा सोडायचा असेल तर हात आधी ओले करा, कोरड्या हाताने त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि रोग शिरतो. गळाचा उलटा दात पकडीने दाबून टाका. मासा गळ गिळून बसला तर ओढाताण न करता दोरी तोंडाशी कापा. तुटलेली दोरी काठावर टाकू नका, बदकांचे आणि बगळ्यांचे पाय त्यात अडकतात.

थंडी आली म्हणून सामान माळ्यावर टाकू नका. नोव्हेंबरच्या शेवटी, थँक्सगिव्हिंगच्या सुमारास, निवडक तळ्यांत पुन्हा ट्राउट सोडतात, आणि ते वसंतातल्यांपेक्षा मोठे असतात. पाणी चाळिशीत असतं, मासा मंद असतो, म्हणून स्पिनर अगदी हळू ओढा किंवा पीठ तळाशी बराच वेळ राहू द्या. बोटं उघडी राहतील असे हातमोजे घ्या. तळ्यावर बर्फाचा पातळ थर दिसला तर त्यावर पाऊल ठेवू नका, काठावरूनच गरवा.