मधुमालतीची छाटणी पानगळीतच उरकावी

माघ लागला की मधुमालतीची पाने पिवळी पडून झडू लागतात आणि वेल वाळत चालली या धास्तीने अनेक जण तिच्या बुंध्याशी रोज पाणी ओतू लागतात. हे टाळावे. कोरड्या हवेत पाने टाकणे हा या वेलीचा स्वभावच आहे. नखाने साल किंचित खरवडावी. आत हिरवट ओल दिसली तर वेल जिवंत आहे, आणि जमिनीतल्या वेलीला पंधरा दिवसांतून एकदा दिलेले पाणी या काळात पुरते.

फुले नव्या फुटीवर येत असल्याने छाटणीला हीच वेळ योग्य आहे. नवी फूट हालण्यापूर्वी, फेब्रुवारी संपायच्या आत, मुख्य दोन-तीन खोडे राखून बाजूच्या फांद्या दोन ते तीन डोळे, म्हणजे नवी फूट निघण्याच्या जागा, राखून कापाव्यात. वाळलेल्या व एकमेकींत गुंतलेल्या काड्या मुळापासून काढाव्यात. द्राक्ष बागायतदारांना असा हात चालवणे नवीन नाही. घरच्या बागेत मात्र जीव कचरतो आणि मग चार वर्षांनी मांडवावर नुसता काड्यांचा भारा उरतो. पान झडले तरी देठाचा तळचा भाग वेलीवरच राहतो, कडक होतो आणि काट्यासारखा वाकतो. वेल आधारावर चढते ती याच आकड्यांच्या जोरावर, परंतु छाटणी करणाऱ्याचे मनगटही तेच सोलतात. सुती हातमोज्यांचा उपयोग होत नाही. चामड्याचे वापरावेत व बाह्या पूर्ण असाव्यात.

छाटणीनंतर आळे मोकळे करून एक घमेले कुजलेले शेणखत व दोन मुठी निंबोळी पेंड मातीत मिसळावी. युरिया देऊ नये, कारण त्याने पाला माजतो आणि फुले हटतात. कोवळ्या फुटीवर मावा दिसल्यास एक लिटर पाण्यात ५ मिली निंबोळी तेल व थोडे साबणाचे पाणी मिसळून सायंकाळी फवारावे.

नवी वेल लावायची असल्यास बियांच्या मागे लागू नये, आपल्याकडे बी क्वचितच धरते. बुंध्याजवळ जमिनीतून आलेला फुटवा मुळांसह जूनमध्ये काढून, उन्हाळ्यात तापवलेल्या दीड फुटी खड्ड्यात लावावा. दिवसाचे पाच-सहा तास ऊन, भिंतीपासून दीड फूट अंतर आणि लोखंडी नळ्यांचा मांडव असावा. बांबूचा मांडव भर पावसात ओल्या वेलीचे वजन पेलत नाही. फुले संध्याकाळी पांढरी उमलतात, दुसऱ्या दिवशी गुलाबी आणि पुढे लाल होतात, व सुगंध रात्रीच अधिक दरवळतो. म्हणून जागा निवडताना ओसरीची किंवा झोपण्याच्या खोलीच्या खिडकीची बाजू पाहावी.