पहिली क्लब रेस: समिट पॉइंटला जाण्याआधी आणि गेल्यावर

मोटारींची रेस शनिवारी असली तरी माझं काम गुरुवारी रात्री गॅरेजमध्ये सुरू होतं, आणि पहिला हात लागतो तो ब्रेक ऑइलला. रेसिंगमध्ये उतरायचं म्हणणारे मराठी मित्र फोन करतात तेव्हा आधी इंजिनाची ताकद विचारतात. मी सांगायला सुरुवात ब्रेकपासून करतो, इथेही तसंच करणार आहे. पण गाडी आणि लायसन्सचं आधी थोडक्यात उरकून घेतो.

मी उत्तर व्हर्जिनियात राहतो. ट्रेलर ओढत दीडेक तासात वेस्ट व्हर्जिनियातल्या समिट पॉइंटला पोचतो. ट्रॅक २ मैलांचा, १० वळणांचा. रेस भरवतो तो स्पोर्ट्स कार क्लब ऑफ अमेरिकाचा वॉशिंग्टन विभाग. क्लब १९४४ चा. झेंडे दाखवणारे, वेळ मोजणारे, गाड्या तपासणारे बहुतेक सगळे हौसेने, बिनपगारी उन्हात उभे असतात. लायसन्ससाठी डॉक्टरांचा फॉर्म, नवशिक्यांचं परमिट, क्लबचं ड्रायव्हिंग स्कूल आणि मग ठरावीक रेस विनातक्रार पूर्ण करणं, एवढं लागतं. वय झालं म्हणून थांबला असाल तर थांबू नका. पॉल न्यूमन या नटाने ४७ व्या वर्षी, १९७२ मध्ये पहिली रेस केली आणि पुढे याच क्लबची राष्ट्रीय विजेतेपदं चारदा मिळवली.

गाडीचं म्हणाल तर माझा सल्ला ठाम आहे: स्पेक मियाटा घ्या आणि दुसऱ्याने बांधलेली घ्या. १९९० ते २००५ मधली माझदा मियाटा, सगळ्यांना सारख्या स्प्रिंगा, सारखे शॉक, सारखे टायर. त्यामुळे हार-जीत बरीचशी ड्रायव्हरवर येते. केज (ड्रायव्हरभोवतीचा लोखंडी पिंजरा), सीट, पट्टे घालून नवी गाडी उभी करायला जेवढे पैसे जातात, त्याहून कमीत चालती गाडी मिळते. शिवाय काही मोडलं तर पॅडॉकमध्ये, म्हणजे गाड्या उभ्या करायच्या आवारात, शेजारच्या तंबूत तोच पार्ट हमखास असतो. माझी १९९९ ची आहे. घेताना गाडीचं लॉगबुक पानन् पान वाचा. तपासणीचे शिक्के आणि अपघातांच्या नोंदी सगळ्या त्यात असतात.

आता ब्रेक. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं. रस्त्यावर ते खपून जातं. ट्रॅकवर कॅलिपर (चाकापाशी ब्रेक आवळणारा भाग) तापले की त्या पाण्याची वाफ होते, पायाच्या जोराने वाफ दबते आणि पेडल नुसतंच खाली जातं. माझ्या पहिल्या सीझनला ऑइल आदल्या उन्हाळ्याचं होतं. क्वालिफायिंगच्या (सुरुवातीची जागा ठरवणाऱ्या सेशनच्या) सहाव्या लॅपला मेन स्ट्रेट संपवून पहिल्या वळणासाठी पाय मारला. वेग शंभर मैलांच्या वर, आणि पेडल जमिनीला टेकलं. भराभर पंप केल्यावर थोडा दाब आला, तोवर डांबर संपलं होतं. स्टिअरिंग सरळ धरून ठेवलं म्हणून गवतातून सरळ गेलो. त्या वेगात चाकं वळवून परत रस्त्यावर यायचा प्रयत्न केला असता तर गाडी उलटली असती. त्या दिवसापासून दर रेसआधी ताजं ऑइल, आणि तेही उकळबिंदू ३०० अंश सेल्सिअसच्या वर असलेलं.

कामाला दोघं लागतात. आमच्याकडे पेडलवर मुलगी असते आणि मी चाकापाशी. क्रम ठरलेला: मागचं उजवं, मागचं डावं, पुढचं उजवं, पुढचं डावं. मी म्हणतो "दाब". ती म्हणते "दाबलं". "धर." मी कॅलिपरवरची निपल (ऑइल सोडायची छोटी तोटी) अर्धा आटा सोडतो, पारदर्शक नळीतून काळपट ऑइल सरकतं, मध्येच मोहरीएवढा बुडबुडा दिसतो. निपल बंद करतो आणि मगच म्हणतो "सोड". निपल उघडी असताना पाय सुटला तर हवा आत ओढली जाते आणि सगळं पहिल्यापासून करावं लागतं. नळीतलं ऑइल स्वच्छ आणि बिनबुडबुड्याचं येईपर्यंत हेच. वरच्या डबीवर डोळा ठेवा, ती रिकामी होऊ देऊ नका.

चाकं काढलेलीच असतात तेव्हा पॅड किती उरलेत ते बघा. चाकं परत बसवली की प्रत्येक चाक वर-खाली धरून हलवून बघा. टकटक जाणवली तर हब (चाक ज्यावर फिरतं तो बेअरिंगचा भाग) बदला, "या रेसपुरतं चालेल" म्हणू नका. मियाटाचे पुढचे हब रेसमध्ये खरोखर जातात. मग चाकांचे सोळा नट. आमच्या अण्णांचं कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरात लेथचं वर्कशॉप होतं. पहिले तीन आटे बोटांनी बसवल्याशिवाय ते पान्याला हात लावू देत नसत. मी तेच करतो, मग टॉर्क रेंचने (नट किती आवळला ते मोजणाऱ्या पान्याने) ८० फूट-पाउंड. ट्रॅकवरही प्रत्येक सेशनआधी तोच रेंच पुन्हा, गाडी थंड असताना, आणि तो मी स्वतः लावतो. हे काम मित्राला सांगायचं नाही. मध्येच कोणी बोलायला आलं तर त्या चाकाचा पहिला नट पुन्हा धरायचा.

सामान भरताना अंगावरच्या वस्तूंची लेबलं वाचा. हेल्मेट मोटार रेसिंगसाठीच्या एसए मानांकनाचं आणि अजून मान्य असलेल्या वर्षाचं हवं. अपघातात मान सांभाळणारं उपकरण एसएफआय ३८.१ चं (एसएफआय म्हणजे रेसिंगच्या सामानाची सुरक्षा मानकं). सूट एसएफआय ३.२ए/५ चा असेल तर आतले अग्निरोधक कपडे सक्तीचे नाहीत, /१ चा असेल तर आहेत. सीटच्या पट्ट्यांवरची तारीख उलटली असेल तर तपासणीत तिथेच थांबवतात, आणि शुक्रवारी संध्याकाळी नवे पट्टे कुठून आणणार? ट्रान्सपाँडर (लॅपची वेळ नोंदवणारं यंत्र) चार्ज करून ठेवा. खायला आमच्याकडे दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी असते. जुलैच्या उन्हात तीन थरांच्या सुटात बसायचं म्हणजे अंगातलं पाणी जातं, म्हणून लिंबू, मीठ, साखर घातलेलं पाणी सकाळपासून थोडं थोडं पीत राहा. तहान लागेपर्यंत थांबलात तर उशीर झालेला असतो.

शुक्रवारी संध्याकाळी पोचा, नोंदणी आणि तपासणी उरका, आणि उजेड असेल तर ट्रॅकवर पायी जायची परवानगी विचारा. चौथ्या वळणानंतरचा उतार गाडीतून कळत नाही, पायाला कळतो. तो उतरून पाचव्या वळणाला जोरात ब्रेक लावावा लागतो.

शनिवारी सकाळच्या सरावात लॅपची वेळ बघूच नका. टायर गरम होऊ द्या, झेंड्यांची ठाणी कुठे आहेत ती पाठ करा. आत आल्याबरोबर टायरमधली हवा मोजा. थंड असताना भरलेली हवा गरम झाल्यावर सात-आठ पाउंडांनी तरी चढते. चारही आकडे वहीत लिहा, पुढच्या सेशनची हवा त्यावरूनच ठरते. पेट्रोल पाव टाकीच्या खाली जाऊ देऊ नका, लांब वळणात पंपाला पेट्रोल मिळत नाही आणि इंजिन अडखळतं. वजनाचं गणितही याच्याशीच आहे: रेस संपल्यावर किमान वजन भरतंय का ते बघायला गाडी तुमच्यासकट काट्यावर जाते, आणि एक गॅलन पेट्रोल साधारण ६ पाउंडांचं.

झेंडे झोपेत विचारले तरी सांगता आले पाहिजेत. स्थिर पिवळा: पुढे धोका, वेग कमी, ओव्हरटेक बंद. हलता पिवळा: थांबायची तयारी ठेवा. पिवळ्यावर लाल पट्टे: डांबरावर तेल किंवा तुकडे. पांढरा: पुढे अँब्युलन्स किंवा रांगणारी गाडी. निळ्यावर पिवळा पट्टा: मागून वेगवान गाडी येतेय, तुम्ही तुमची लाइन (वळणातून जायची ठरलेली वाट) सोडू नका, पुढे काढायचं काम मागच्या ड्रायव्हरचं. काळ्यावर नारिंगी गोळा: तुमच्या गाडीतून काहीतरी गळतंय किंवा लोंबतंय, आत या. लाल: आरशात बघून सावकाश कडेला थांबा.

ग्रिडवर, म्हणजे सुरुवातीच्या रांगेत, पाच मिनिटांची पाटी दिसली की पट्टे आवळायचे. आधी कमरेचे, खालच्या हाडावर, मग खांद्यांचे. बायको खिडकीची जाळी लावते आणि एकदा ओढून बघते. एक मिनिटाची पाटी, सेल्फ, आणि पेस कारमागे (सुरुवातीला सगळ्यांना सावकाश घेऊन जाणाऱ्या गाडीमागे) जोडी-जोडीने निघायचं. या वेळी ब्रेकवर हलका पाय ठेवून पॅड तापवा. सुरुवातीचा हिरवा झेंडा पडल्यावर पहिल्या वळणाला वीस-पंचवीस गाड्या एकाच ठिकाणी घुसतात. पहिल्या वर्षी तिथे दोन जागा गेल्या तरी जाऊ द्या, रेस अर्धा तास चालायची आहे. गाडी फिरलीच तर क्लच आणि ब्रेक दोन्ही दाबून धरा, म्हणजे ती सरळ रेषेत घसरत थांबते आणि मागच्यांना तिचा अंदाज येतो.

वेळ कमवायची जागा दहावं वळण. त्यातून निघालेला वेग अख्ख्या मेन स्ट्रेटभर तुमच्याबरोबर राहतो. तिथे गॅस (ॲक्सिलरेटर) दिल्यावर पुन्हा पाय उचलावा लागला, तर दिला तोच लवकर दिला होता. पुढच्या लॅपला थोडं उशिरा वळा, थोडं उशिरा द्या, पण दिला की पूर्ण द्या. हे एवढं जमायला मला अख्खा एक सीझन लागला. ज्या रविवारी जमलं, त्या दिवशी नववा आलो आणि घरी येईपर्यंत बोलतच होतो.

चौकटीचा झेंडा पडला की थंड होण्याच्या लॅपला प्रत्येक ठाण्यासमोर हात बाहेर काढून हलवा. सकाळपासून तुमच्यासाठी उभी असलेली माणसं आहेत ती. संध्याकाळी जेवणाला भेटली तर जवळ जाऊन बोला, तुमची लाइन कुठे चुकते ते त्यांना दिसलेलं असतं.

रविवारी दुसरी रेस झाली की आवरायच्या आधी, सूट अंगावर असतानाच वही काढा. हवा, हवामान, लॅपची वेळ, कुठे कसला आवाज आला ते लिहा. माझ्या वहीत शेवटची नोंद आहे: "पुढचा डावा हब, आठव्या लॅपपासून घरघर. सोमवारी मागवणे."