वाहत्या द्रवात पांढऱ्या पेशींचे चिकटणे कसे मोजावे

रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तराला किंवा तेथे बसलेल्या प्लेटलेटना न्यूट्रोफिल (संसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) कसे चिकटतात हे स्थिर बशीत पाहिले, तर निम्मी प्रक्रिया नजरेआड राहते. कारण या पेशी आधी सिलेक्टिन या सैल पकड देणाऱ्या प्रथिनांच्या आधाराने घरंगळतात, मग इंटिग्रिन या घट्ट पकड देणाऱ्या प्रथिनांच्या बळावर थांबतात आणि घरंगळणे प्रवाहाशिवाय दिसतच नाही. म्हणून समांतर पट्ट्यांचा प्रवाहकक्ष, म्हणजे दोन सपाट पट्ट्यांमधली द्रव वाहू देणारी अरुंद फट, वापरावा.

नैतिकता समितीची मंजुरी व रक्तदात्याची संमती घेऊन रक्त सायट्रेट या गोठणरोधकात घ्यावे. ईडीटीए या दुसऱ्या गोठणरोधकाची जांभळ्या टोपणाची नळी हाताशी असते खरी, पण ईडीटीए कॅल्शियमला घट्ट धरून ठेवते आणि सिलेक्टिनचे बंध कॅल्शियमवाचून जुळत नाहीत. हेपॅरिन हे गोठणरोधकही पी-सिलेक्टिन या प्लेटलेटवरील सिलेक्टिनच्या आड येते. सायट्रेटही कॅल्शियम अडवतेच, मात्र न्यूट्रोफिल वेगळे करताना ते धुऊन निघते. या पेशी प्रयोगाच्या तोंडावर कॅल्शियम आणि मॅग्नेशियम असलेल्या द्रावणात, दर मिलिलिटरला सुमारे 10 लाख या प्रमाणात मिसळाव्यात आणि काही तासांतच वापराव्यात.

अस्तरासाठी नाळेच्या शिरेतील पेशींचा सलग थर वाढवून त्याला टीएनएफ (दाह चेतवणारे प्रथिन) देऊन सुमारे 4 तास ठेवावे, म्हणजे ई-सिलेक्टिन हे अस्तराचे सिलेक्टिन पृष्ठभागावर येते. प्लेटलेटसाठी काचेवर कोलॅजनचा लेप पुरतो: त्यावर बसलेल्या प्लेटलेट उद्दीपित होऊन पी-सिलेक्टिन बाहेर आणतात आणि न्यूट्रोफिलवरील पीएसजीएल-1 हे प्रथिन त्याला धरते.

प्रवाहाचा वेग अंदाजाने ठरवू नये. 5 मिमी रुंद व 0.25 मिमी उंच कक्षात, 37 अंश सेल्सिअसला, भिंतीवर 1 डाइन प्रति चौरस सेंटिमीटर इतका कर्तन ताण (वाहत्या द्रवाची भिंतीलगतची ओढ) हवा असेल, तर पंप मिनिटाला सुमारे 0.45 मिलिलिटरवर ठेवावा. आधी नुसते द्रावण वाहू देऊन हवेचे बुडबुडे काढावेत. एक बुडबुडा सगळा थर खरवडून नेतो आणि दिवसभराची मेहनत वाया जाते.

चित्रण करून मोजताना, 10 सेकंदांत स्वतःच्या व्यासाइतकीही न सरकलेली पेशी चिकटलेली धरावी, संथपणे सरकणारी घरंगळणारी धरावी आणि दोन्ही आकडे वेगळे लिहावेत. शेवटी सीडी18 (न्यूट्रोफिलवरील इंटिग्रिनचा एक भाग) रोखणारे प्रतिपिंड घालून प्रयोग पुन्हा करावा. थांबलेल्या पेशी घटूनही घरंगळणे टिकले, तर मांडणी बरोबर आहे. जन्मतः सीडी18 नसलेल्या बाळांच्या रक्तात न्यूट्रोफिल भरपूर असूनही जखमेत पू होत नाही, त्याचे कारण हेच दृश्य दाखवते.